दिवेलागणीचा अंक

आमच्या घरात दिवेलागणीला दोन जप चालत. मी देवघरासमोर पाटावर बसून दत्तगुरूंची माळ ओढायची, आणि हे मागच्या खोलीत संगणकासमोर बसून एका संख्येला विभाजक शोधायचे. माझा जप मनातल्या मनात. ह्यांच्या जपाला संगणकाच्या पंख्याची घरघर असायची आणि मधून मधून "हात्तिच्या" असायचं.

"वैजू, तुझी माळ एकशे आठ मण्यांची," हे कधीतरी आतून विचारायचे, "आणि मोजतेस शंभर. वरचे आठ कुठे जातात?"

"चुकांत जातात. मन भरकटतं, नाम अर्धवट निघतं, एखादा मणी तसाच सरकतो. त्यापोटी."

"म्हणजे देवाकडेसुद्धा घट धरतात."

"धरावीच लागते. जप माणसं करतात ना."

ह्यावर हे हसायचे. ह्यांचा देवावर विश्वास नव्हता, पण नरसोबाच्या वाडीला मला स्कूटरवर मागे बसवून दर गुरुवारी नेलं ते ह्यांनीच. मी दर्शन घेऊन येईपर्यंत घाटावर बसून कवठाची बर्फी खायचे.

ती संख्या आमच्या लग्नाच्या वर्षीची. हे तेव्हा जयसिंगपूरला कॉलेजात गणित शिकवत. कुरुंदवाडच्या ह्या घरात मी नवी होते, रुळायचीच होते. एका रविवारी ह्यांनी मला हाक मारून संगणकासमोर बसवलं. म्हणाले, "ह्याला मी सांगितलंय, दीडशे-दीडशे अंकांच्या दोन मूळ संख्या मनाने निवड, त्यांचा गुणाकार मला दाखव आणि त्या दोघी विसरून जा." मूळ संख्या म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून जिला कशानेच भाग जात नाही अशी. मी कळ दाबली. पडद्यावर तीनशे अंकांची माळ उमटली, शेवटी एक.

"बघ, ही आपली. तू आणि मी आत आहोत, पण कुठे ते कुणालाच माहीत नाही. ह्या यंत्रालाही नाही."

दागिना नाही, साडी नाही, आणि हे. माहेरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "माणूस बरा आहे ना गं?"

त्यातली गंमत मला पुढे हळूहळू समजली. गुणाकार करणं म्हणजे दुधाला विरजण लावणं, चमचाभर ताकाचं काम. पण लागलेल्या दह्यातून दूध आणि ताक पुन्हा वेगळं काढायला सांगितलं तर? तीनशे अंकांच्या संख्येचे दोन भाग शोधायला जगातले सगळे संगणक मिळून लागले तरी आपली आयुष्यं पुरणार नाहीत. ह्याच अवघडपणावर तर बँकांची, सरकारची, आपल्या फोनची कुलपं उभी होती. हे ह्यांना ठाऊक होतं, तरी रोज संध्याकाळी तासभर बसायचे.

"मिळणार नाही हे माहीत असून कशाला बसता?" मी एकदा विचारलं.

"तू कशाला बसतेस?"

"माझे दत्तगुरू आहेत म्हणून. दिसत नाहीत एवढंच."

"माझेही आहेत," हे म्हणाले. "आणि माझ्याकडे पुरावा आहे. संख्येला न फोडता, नुसती काही गणितं घालून तिलाच विचारता येतं की बाई, तू मूळ आहेस की फुटणारी. ती म्हणते, फुटणारी. कुठे फुटते ते सांगत नाही. विभाजक आहेत हे पक्कं, पण पाहिले कुणीच नाहीत."

"मग आपलं एकच झालं की."

हे पुन्हा पडद्याकडे वळले. मग म्हणाले, "चहा टाक."

*

ह्या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. आमची मैथिली मोठी झाली, गणितात बापावर गेली, आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेत क्वांटम यंत्रावर काम करू लागली.

ते यंत्र काय करतं हे तिनेच मला स्वयंपाकघरात उभं राहून समजावलं होतं. "आई, ते एकेक विभाजक लावून बघत बसत नाही. एखाद्या अंकाचा वर्ग, घन, त्याच्या पुढचे घात करत जायचं आणि दर वेळी त्या मोठ्या संख्येने भागून बाकी घ्यायची. त्या बाक्या थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून येतात, भजनातला ठेका फिरून समेवर येतो तशा. हे आवर्तन इतकं लांब असतं की साधा संगणक समेपर्यंत पोचतच नाही. आमचं यंत्र सगळ्या मात्रा एकदम ऐकतं आणि आवर्तन केवढं ते सांगतं. लांबी कळली की विभाजक आपोआप गळून पडतो."

ज्या वर्षी ते यंत्र मोठ्या संख्या फोडू लागलं, त्या वर्षाला आमच्याकडे कुलूपबदलाचं वर्ष म्हणतात. बँकेत पुन्हा रांगा, पुन्हा बोटांचे ठसे, डोळ्यांचे ठसे. आमच्या आळीतल्या देवळाच्या देणगीपेटीलासुद्धा नवं आकडी कुलूप आलं.

त्याच वर्षी चैत्रात ह्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं.

जिवावरचं टळलं. वाचा शाबूत राहिली, हातपाय जड झाले. डॉक्टरांनी व्यायाम दिले, काठी दिली, सहा महिन्यांत घरभर हिंडतील म्हणाले. पहिला महिना ह्यांनी सगळं केलं. मग एका संध्याकाळी भिंतीवरच्या पडद्यावर बातमी लागली. मैथिलीची प्रयोगशाळा, पांढऱ्या डगल्यातली माणसं, आणि मागे आमची मैथिली. तीनशे अंकांची संख्या दुपारच्या जेवणापासून चहापर्यंत फुटली होती. आमची नव्हे, दुसरी कुठलीशी.

हे लेकीकडे बघून हसले. मग मला म्हणाले, "त्या संगणकावर फडकं घाल. धूळ बसते."

त्या दिवसापासून ह्यांनी काठी धरली नाही. जेवण अर्ध्यावर आलं. डॉक्टर मला अंगणात नेऊन म्हणाले, "काकू, पायात ताकद आहे त्यांच्या. उठायचंच नाहीये. असेच पडून राहिले तर मात्र पावसाळा कठीण आहे."

मी रोजच्या माळेला आणखी एक माळ जोडली. दुसरं मला काय येत होतं?

*

आषाढाच्या शेवटी मैथिली दोन दिवसांसाठी आली. बाबांशेजारी बसली, त्यांची नखं कापली. मग स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "आई, आपली संख्या मी लावून बघितली यंत्राला. रिकाम्या वेळात. फुटली."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

"सांगू त्यांना?" ती म्हणाली. "आनंद होईल की राहिलंसाहिलंही जाईल, मला कळत नाहीये. नाहीतर दुसरंही करता येईल. त्यांच्या प्रोग्रॅमला मी आतून असं काही देते की त्यालाच विभाजक सापडेल. बाबांना वाटेल आपल्यालाच मिळाला."

"तसलं काही नको. दुसऱ्याच्या माळेचे मणी आपण पुढे सरकवायचे नसतात."

"मग?"

"विचारू त्यांनाच."

विचारलं. हे छताकडे बघत पडून होते. म्हणाले, "पाहिलेस तू, मैथिली? दोन्ही?"

"हो बाबा."

"कसे आहेत?"

ह्यावर लेकीला रडू आलं. "छान आहेत," एवढंच म्हणाली.

"सांगू नकोस," हे म्हणाले, आणि भिंतीकडे वळले. पण रात्री मी पांघरूण घालायला वाकले तेव्हा पुटपुटले, "शेवटचा अंक तेवढा विचार. सगळा नको. शेवटचा एकच."

माझ्या डोक्यात तेव्हाच काय ते आलं. चातुर्मासात आम्ही बायका काही ना काही नेम धरतो. कुणी रोज गाईला घास देतं, कुणी रोज एक फूल वाहतं. मी मैथिलीला म्हटलं, "मला सगळी संख्या सांगूच नकोस. रोज सकाळी फोनवर एक अंक सांग, एककाकडून पुढे. श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून. मी संध्याकाळी ह्यांना वाढीन." आणि ह्यांना म्हटलं, "अंक मिळेल. पण तुळशीपाशी. दिवा लावताना. मी खोलीत आणून देणार नाही."

"ही अडवणूक आहे," हे म्हणाले.

"नेम आहे."

प्रतिपदेला मी निरांजन घेऊन मागच्या अंगणात गेले. मागे बघितलं नाही. आपण वाट बघतोय असं दिसलं की हे मुद्दाम हटून बसतात, हे मला लग्नापासून माहीत. वात लावली, हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती निम्मी जळाली. मग मागे काठी वाजली. घामाघूम होऊन, दाराच्या चौकटीला धरून, पायरी उतरून हे आले.

"बोल."

"सात."

हे डोळे मिटून उभे राहिले. "आपली संख्या एकावर संपते. म्हणजे दुसरीचा शेवट तीन. सात त्रिक एकवीस." डोळे उघडले तेव्हा चेहरा वेगळाच होता. "वैजू, गंमत कळली का? तू एकीचा अंक दिलास की दुसरीचा मला आपोआप मिळतो. रोज एक दे, मी रोज दोन घेईन."

त्या रात्री ह्यांनी आख्खी भाकरी खाल्ली.

मग तो क्रमच झाला. संगणकावरचं फडकं निघालं. आलेला अंक हे तिथे जाऊन घालायचे, डाव्या हाताने, एका बोटाने. नऊ आला की म्हणायचे, आज पक्वान्न. एक आला की म्हणायचे, आज उपास दिसतोय तुझा. शेजारच्या लीलाताई कुंपणावरून विचारायच्या, "काय भावजी, आज कितीचा भाव?" आणि हे खरंच सांगायचे.

हळूहळू पायरीवरची चौकट सुटली. गणपतीत काठी नुसती बगलेत असायची. डॉक्टर मला म्हणाले, "काय औषध चाललंय काकू, मलाही सांगा."

ऐंशीव्या अंकाला, अश्विनात, हे म्हणाले, "आता पुरे. ह्यापुढे सांगू नकोस."

मी म्हटलं, "कंटाळलात?"

"नाही गं. पुढचं मी बघतो." आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

*

चार दिवस हे संगणकापाशी होते. पाचव्या दिवशी मी तुळशीपाशी उभी राहिले, उदबत्ती संपली तरी काठी वाजली नाही. सहाव्या दिवशीही नाही. मागच्या खोलीत डोकावले तर संगणकावर पुन्हा फडकं, आणि हे खाटेवर भिंतीकडे तोंड करून.

मी शेजारी बसले. समई पुसायला घेतली होती, ती मांडीवर तशीच.

"काय झालं ते सांगाल का?"

हे भिंतीकडे बघतच बोलले. "विभाजकाचे अर्धे अंक कळले ना, की उरलेले अर्धे काढता येतात. विद्यार्थ्यांना शिकवायचो मी हे. त्याला क्वांटमबिंटम काही लागत नाही, साधा संगणक पुरतो. तू कशी ठिपक्यांची रांगोळी अर्धी काढलीस की उरलेली कशी वळणार ते लीलाताईंनाही सांगता येतं. तसंच. म्हणून अर्ध्याच्या थोडं पुढे आल्यावर तुला थांबवलं. वरचे थोडे घेतले, तुझ्या माळेसारखे, सुरक्षितपणासाठी."

"मग?"

"नाही आला. तीनदा लिहिला प्रोग्रॅम. दर वेळी उत्तर एकच, असा विभाजक नाही." ह्यांचा आवाज बारीक झाला. "मैथिली चुकणार नाही. तू चुकणार नाहीस. म्हणजे डोकं गेलं माझं, वैजू. चैत्रात नुसता हातच गेला नव्हता."

इतक्या वर्षांत ह्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "अंक घालताना एखादा चुकला असेल. वाचून दाखवा बरं."

"वाचून दाखवा, म्हणे. तुला आठवणार आहेत का?"

"वाचा तर."

मी धरून बसवलं. फडकं बाजूला केलं. हे शेवटाकडून वाचू लागले. सात. चार. चार. नऊ. दोन. आठ. वाचता वाचता आवाज संथ झाला, मग बोट पडद्यावर थांबलं. हे पुन्हा पहिल्यापासून बघू लागले. ह्यावेळी वाचत नव्हते. नुसते ओठ हलत होते.

"ऐंशी अंक," हे म्हणाले. "प्रत्येक अंक सातआठ वेळा तरी यायला हवा, कमीजास्त. चार हा अंक दहा वेळा आलाय. एक सात वेळा." मग सावकाश माझ्याकडे वळले. डोळ्यांत काहीतरी लुकलुकत होतं. "वैजू, शून्यं कुठे ठेवलीस?"

माझी मान खाली गेली.

"देवापाशी," मी म्हटलं.

"काय?"

"नागपंचमीला मैथिली म्हणाली, आई, आज शून्य. अहो, तुम्ही तेव्हा चौकट धरून, दातओठ खात पायरी उतरायचात. हातात दिवा, समोर तुळस, सणाचा दिवस, आणि मी तुमच्या हातावर शून्य ठेवायचं? घरातले तांदूळ संपले तरी दिवेलागणीला आपण संपले म्हणत नाही, वाढले म्हणतो. माझ्या तोंडून येईनाच. मैथिलीकडून पुढचा अंक मागून घेतला आणि तो दिला. शून्याची म्हणून एक सुपारी देवघरातल्या वाटीत ठेवली. म्हटलं, उद्यापनाला सगळी एकदम देऊन टाकू. तुम्ही त्यांचं गणित मांडणार आहात हे मला कुठे माहीत?"

ह्यांनी पडद्यावरच्या अंकांवर बोट टेकवलं.

"बीए झालीस ना गं तू? एकशे पाचातलं शून्य काढलं तर पंधरा राहतात."

"ते समजतं मला. पण तुम्हाला गणित हवं होतं, मला तुम्ही तुळशीपर्यंत यायला हवे होतात."

ह्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते. हसता हसता ठसका लागला, मी पाणी दिलं, तर ते हातात धरून पुन्हा हसू लागले. "डोकं गेलं नाही माझं," म्हणाले. "डोकं जागेवर आहे. बायकोने शून्यं देवाला वाहिली. कुठल्या पुस्तकात आहे हे?"

मग हे एकदम मास्तर झाले. "किती सुपाऱ्या आहेत वाटीत?"

"आठ."

"आणि कुठल्या जागी?"

ते मला नीट आठवत होतं. व्रतं करणाऱ्या बाईला तिथी विसरता येत नाही. "नागपंचमी. नारळी पौर्णिमा. गोकुळाष्टमी, मग पोळा." मी सांगत गेले, हे जागा मांडत गेले. "नागपंचमीचं पाचवं. नारळी पौर्णिमेपर्यंत एक आधीच गाळलेलं, म्हणून पंधरावं नाही, सोळावं." उजव्या हाताच्या बोटांवर मोजत होते. ती बोटं वाकतायत हे ह्यांच्या लक्षात नव्हतं. माझ्या होतं. मी बोलले नाही.

खात्रीसाठी मैथिलीला फोन लावला. ती पलीकडून म्हणाली, "आई, तू दोनदोनदा अंक मागायचीस तेव्हा मला वाटायचं बाबाच हट्ट करतायत." मग तीही हसत सुटली.

*

वसुबारसेला ती घरी आली. दुपारी आम्ही तिघं मागच्या खोलीत बसलो. ह्यांनी कळ दाबली नाही. म्हणाले, "वैजूला दाबू दे. पहिल्या दिवशीही तिनेच दाबली होती."

मी डोळे मिटून दाबली. पंखा घरघरू लागला. मैथिलीने माझा हात धरला होता. चहा निवला, साय धरली. मग हे अगदी हळू म्हणाले, "आल्या."

पडद्यावर एकाखाली एक दोन लांबलचक ओळी होत्या. वरचीच्या शेवटी सात, खालचीच्या शेवटी तीन. ह्यांनी त्यांचा गुणाकार केला. आमची संख्या जशीच्या तशी उमटली, शेवटी एक.

"उजवीकडची निम्मी तू दिलीस," हे वरच्या ओळीवरून बोट फिरवत म्हणाले, "डावीकडची मी काढली. आणि ऐकलंस का, तुझी आठ शून्यं घातल्यावर ऐंशीचे अठ्ठ्याऐंशी झाले, म्हणून काम सोपं झालं. वरचे आठ, वैजू."

मी पदर खांद्यावरून घेतला आणि पडद्याला नमस्कार केला.

"हे काय?" हे म्हणाले.

"इतकी वर्षं आहेत म्हणत होतात. आज दिसले."

"तुझे राहिले की दिसायचे."

"तुम्हालाच कुठे घाई होती?"

मैथिली म्हणाली, "आई, उद्यापनाला मेहूण जेवायला घालतात ना? हे बघ, पडद्यावरच बसलंय." त्या संध्याकाळी मी दोन ताटं जास्त वाढली. लीलाताई आणि त्यांचे यजमान आले. सुपाऱ्या त्यांच्या ओटीत घातल्या.

दुसऱ्या दिवशी मैथिली, लक्ष्मीपूजनाला येते म्हणून, कामासाठी पुण्याला परत गेली. दिवेलागण झाली. मी निरांजन घेऊन निघाले, आणि पायरीवर आल्यावर लक्षात आलं की आज माझ्याजवळ काहीच नाही. संख्या फुटली होती. नेम पुरा झाला होता. वात लावली. दत्तगुरूंना म्हटलं, ह्यांनी तुळशीपर्यंत यावं, माझं मागणं एवढंच होतं, पण आजचा दिवस झाला की उद्याचंही तेच असणार आहे.

उदबत्तीची राख वाकून पडली. मागे काठी वाजली नाही.

नुसती पावलं वाजली. हे शेजारी येऊन उभे राहिले, काठी न घेता.

"आज काय देणार?"

मी दिव्याकडे बघितलं, तुळशीकडे बघितलं. मग जन्मात पहिल्यांदा दिवेलागणीला म्हटलं, "शून्य."

"आण," हे म्हणाले, आणि उजवा हात पुढे केला.